गोळी पेंडीचं पोतं आणि आटलेलं दूध

मोहोळजवळ आमच्या वस्तीवर दोन पंढरपुरी म्हशी आहेत. गेल्या पावसाळ्यात नवी गोळी पेंड सुरू केली आणि आठवड्यात थोरलीनं गव्हाणीतून तोंड काढलं. शेण पातळ, धारेला दीड लिटरची तूट. जंताचं औषध पाजलं, फरक नाही.

मग पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाच्या गोळ्या कोमट, एकमेकींना चिकटलेल्या, कुबट वासाच्या. पोत्यावर ‘प्रथिने २०%’ छापलेलं, पण आयएसआयची खूण नाही, बॅच नंबर नाही, तारीखही नाही. पेंड त्याच दिवशी बंद करून कडबा आणि हिरव्या मक्यावर आणलं.

पाच पोत्यांतून मूठमूठ घेऊन अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत दिला. नुसती प्रथिनं तपासू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रथिनं काढताना नायट्रोजन मोजून ६.२५ नं गुणतात, आणि युरियातही नायट्रोजन असतो, त्यामुळं युरिया मिसळला तरी आकडा फुगतो. म्हणून युरिया आणि अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, हेही तपासून घेतलं. पशुखाद्याच्या आयएस २०५२ मानकात अफ्लाटॉक्सिन बी१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम. आमच्या पेंडीत निघालं ४६. हे विष दुधात उतरतं, आणि तेच दूध माझी नात पिते. अहवाल वाचून पोटात गोळा आला.

दुकानदार म्हणाला, “आण्णा, पोती आणा, पैसे देतो.” पैसे घेतलेच, पण पशुसंवर्धन खात्याकडे लेखी अर्जही दिला. तीच पेंड शेजारच्या वस्तीवर जात होती.

आता खूण आणि तारीख बघूनच पोतं घेतो, फळीवर ठेवतो, भिंतीपासून वीतभर लांब. थोरली बाराव्या दिवशी पहिल्यासारखी धारेला आली.