पांढरी माशी बघायची तर पान उलटं करून बघा

कपाशीत, भेंडीत, टोमॅटोत पांढरी माशी शोधताना बरेच जण बांधावरून वरवर बघतात आणि म्हणतात काही नाही, पण ती असते पानाच्या खालच्या बाजूला. तिला आधी रंग खेचतो, पिवळसर हिरवा, म्हणूनच पिवळे चिकट सापळे चालतात, पण ते पिकाच्या शेंड्याच्या उंचीलाच लावा आणि पीक वाढेल तसे वर सरकवत रहा. पानावर बसली की सोंड खुपसून रस चाखते, पटलं तर थांबते नाहीतर उडून दुसऱ्या झाडावर जाते, आणि असा रस शोषत झाडाझाडांवर फिरतानाच भेंडीचा हळद्या (पानाच्या शिरा पिवळ्या पडतात), टोमॅटोचा पर्णगुच्छ (पानं मुरडतात) अशा रोगांचे व्हायरस एका झाडावरून दुसऱ्यावर जातात.

अंडी शक्यतो वरच्या कोवळ्या पानाखाली घालते. पिल्लं फार चालत नाहीत, जवळच चिकटून बसतात, आणि झाड वाढत गेलं की तेच पान खाली जातं. म्हणून माशी आणि अंडी शेंड्याकडे बघा, मोठी झालेली पिल्लं मधल्या नि खालच्या पानांवर. सकाळी लवकर बघा, तेव्हा माशी सुस्त असते.

कपाशीत लव असलेल्या पानांवर ती जास्त रमते (तुडतुडा या दुसऱ्या रसशोषक किडीचं उलट आहे, त्याला लव नको असते). आणि कृपा करून युरिया मापातच टाका, जास्त नत्राने लुसलुशीत झालेलं पीक तिला फार आवडतं. निंबोळी अर्क मारताय तर नोझल खालून वर धरा, पानाच्या वरच्या बाजूला मारून औषध वाया जातं.