भविष्यातल्या तंत्रज्ञानात शिरायचंय? आधी ते कुठे अडलंय ते बघा

फ्यूजन, क्वांटम कॉम्प्युटर, हायपरलूप, अंतराळ लिफ्ट. नुकतीच इंजिनिअर झालेली मुलं सल्ला विचारायला येतात तेव्हा यातलं एखादं नाव मनात पक्कं करूनच येतात. ते वेड मला पुरतं कळतं. त्याच वेडापायी मी व्हॅक्यूमच्या कामात आले आणि ते अजून उतरलेलं नाही. पण नुसतं नाव ठरवल्याने दिशा ठरत नाही. ही कल्पना आज नेमकी कशापाशी अडली आहे, असं विचारलं की दिशा दिसायला लागते. जिथे अडलेलं असतं तिथेच काम असतं, आणि माणसंही तिथेच कमी पडतात.

अंतराळ लिफ्ट घ्या. आकाशात थेट कक्षेपर्यंत जाणाऱ्या मनोऱ्याची कल्पना रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीने १८९५ साली मांडली. १९६० मध्ये सोव्हिएत इंजिनिअर युरी आर्त्सुतानोव्हने ती उलटी केली: मनोरा खालून वर बांधायचा नाही, ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेतून दोर खाली सोडायचा आणि तोल राखायला वरच्या बाजूलाही वजन न्यायचं. गणित चोख आहे. घोडं अडलंय दोरापाशी. चांगल्यात चांगली पोलादी तार टांगली तरी तीस-चाळीस किलोमीटरांतच स्वतःच्या वजनाने तुटेल. सुमिओ इजिमांच्या १९९१ च्या शोधनिबंधानंतर कार्बन नॅनोट्यूबकडे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे, सगळ्यांचं लक्ष गेलं, पण सूक्ष्म नमुन्यात दिसणारी ताकद लांबलचक, निर्दोष धाग्यात उतरवणं अजून कुणालाही जमलेलं नाही. म्हणून ज्याला अंतराळ लिफ्टचं वेड आहे, त्याने धातू, तंतू आणि कंपोझिटचा अभ्यास करावा. लिफ्ट झाली नाही तरी ते ज्ञान पवनचक्कीच्या पात्यांत आणि रॉकेटच्या टाक्यांत कामी येतं.

असा अडलेला भाग शोधायला मोठं शिक्षण लागतंच असं नाही. हायपरलूपसाठी, म्हणजे जवळजवळ निर्वात नळीतून धावणाऱ्या वाहनासाठी, ५०० किलोमीटर लांबीची पोलादी नळी टाकली असं समजा. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. थंडी आणि उन्हाळ्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर नळीची लांबी २४० मीटरने बदलायला बघते. नळी घट्ट धरून ठेवली तर तो सगळा ताण धातूत आणि आधारांत जातो. मोकळी सोडली तर सरकणारे जोड द्यावे लागतात, आणि आत जवळजवळ निर्वात असल्याने त्यातला प्रत्येक जोड हवाबंद हवा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये नेवाडातल्या ५०० मीटरच्या नळीत दोन माणसं ताशी १७२ किलोमीटर वेगाने गेली. चाचणी खरी होती, यश खरं होतं, पण शेकडो किलोमीटरांचे प्रश्न ५०० मीटरांत भेटत नाहीत. ती चाचणी घेणारी कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद झाली. असं अर्ध्या पानाचं गणित मांडायची सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्या. मुलाखतीत मी पदवीच्या गुणांपेक्षा हे आधी बघते.

बातमी वाचतानाही आकड्यापाशी थांबायला शिका. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि फ्यूजनमधून, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जोडली जाण्यातून, ३.१५ मेगाज्यूल मिळाली. ती बातमी वाचून मला भरून आलं होतं, आजही त्या प्रयोगाबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. पण ते लेझर चालवायला विजेच्या तारांतून सुमारे ३०० मेगाज्यूल खर्च झाले होते. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, फक्त हिशेबाची हद्द वेगवेगळ्या ठिकाणी आखलेली आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पहिला आकडा ऐतिहासिक. इंजिनिअरला मात्र कामाचा दुसरा, कारण कार्यक्षम लेझर, मिनिटाला शेकड्यांनी मारा आणि स्वस्त गोळ्या ही सगळी कामं त्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहेत.

आता माझ्या रोजच्या कामाबद्दल, कारण चित्रफितीत ते कधीच दिसत नाही. फ्यूजनच्या टोकामॅकमध्ये, म्हणजे चुंबकांनी प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या यंत्रात, दहा-पंधरा कोटी अंशांचा प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) आणि जवळच उणे २६९ अंशांवर ठेवलेली अतिवाहक, म्हणजे विनाअडथळा वीज वाहू देणारी, चुंबकं असतात. या दोघांच्या मध्ये निर्वात पोकळी राखायची, हे आमचं काम. चेंबर जोडताना तांब्याची गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी कडी, दोन फ्लँजच्या (नळ्यांच्या टोकांवरच्या जोडपट्ट्यांच्या) मध्ये बसवतात. फ्लँजची धारदार कड तांब्यात रुतते आणि जोड बंद होतो. ती गॅस्केट एकदाच वापरायची, उघडली की फेकायची. हातमोज्यांशिवाय आतल्या भागाला हात लावायचा नाही, कारण बोटाचा तेलकट ठसा आठवडेच्या आठवडे वायू सोडत राहतो. मग चेंबर तापवायचं, म्हणजे भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ सुटते.

यानंतर गळती शोधायची. आत मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कुठला वायू आहे ते ओळखणारं उपकरण, लावून बाहेरून प्रत्येक जोडावर हेलियमचा बारीक फवारा द्यायचा. हवेत हेलियम दहा लाखांत पाच भाग इतकंच असतं, त्यामुळे आत हेलियम दिसलं की भोक सापडलं. फवारा वरच्या जोडापासून सुरू करायचा. हेलियम वर चढतं, खालून सुरू केलं तर वरच्या जोडाची गळती खालच्या जोडाच्या नावावर लागते. कधी कधी हेलियम कुठेच दाखवत नाही आणि तरी दाब उतरत नाही. तेव्हा बहुतेक वेळा गळती आतलीच असते: आंधळ्या भोकात स्क्रू पिळलेला असतो आणि त्याच्या तळाशी अडकलेली हवा आट्यांमधून हळूहळू झिरपत राहते. त्यावर उपाय म्हणजे मधोमध आरपार भोक पाडलेला स्क्रू. ज्याने ड्रॉइंग काढतानाच असा स्क्रू दाखवला, त्याने पुढच्या टीमचे कित्येक दिवस वाचवले. मला या कामाचा फार अभिमान आहे.

हेच कौशल्य घेऊन माणसं कुठे कुठे जातात बघा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या नळ्या निर्वात आहेत. सर्वांत बारीक चिप ज्या १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने कोरतात तो प्रकाश हवा शोषून घेते, म्हणून ती यंत्रंही निर्वातातच चालतात. अतिवाहक क्वांटम कॉम्प्युटरचा फ्रिज आणि उपग्रहांच्या चाचणीचं चेंबर यांचीही तीच गोष्ट. एक क्षेत्र थंडावलं तरी हात रिकामे राहत नाहीत. क्रायोजेनिक्स (अतिशीत तापमानाचं तंत्र), वेल्डिंग, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल सिस्टिम्सबद्दलही मी हेच सांगेन.

अभ्यासाचं म्हणाल तर उष्णतावहन आणि पदार्थविज्ञान पक्कं करा, बाकीचं कामावर शिकता येतं. टॉलरन्ससकट, म्हणजे मापातल्या चालणाऱ्या फरकासकट, ड्रॉइंग वाचता आलंच पाहिजे. वर्कशॉपमधल्या जुन्या टेक्निशियनपाशी बसा, त्यांना विचारा, त्यांच्या हाताखाली काम करा. मला गळती शोधायला त्यांनीच शिकवलं. आणि लॉगबुक शाईने, तारखेसकट लिहा. सहा महिन्यांपूर्वी कुठला जोड उघडला होता हे दुसऱ्या कुणालाच आठवणार नसतं.

वेळेबद्दल मात्र स्पष्ट सांगते. फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय फ्यूजन प्रकल्पाचा करार २००६ मध्ये झाला. पहिला प्लाझ्मा २०२५ ला येणार होता, नव्या नियोजनात संशोधनाची सुरुवात २०३४ वर गेली आहे. तिथे काम करणारे अनेक जण मुख्य प्रयोग सुरू होण्याआधीच निवृत्त होतील. ज्याला दर दोन वर्षांनी हातात वस्तू हवी, त्याने बॅटरी, सौर घट किंवा सेन्सरकडे वळावं. तीही भविष्याचीच कामं आहेत. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाच्या सौर घटांची कार्यक्षमता २००९ मध्ये ३.८ टक्के होती, आता प्रयोगशाळेत ती २५ टक्क्यांच्या वर आहे. अडलंय ते ओलावा आणि उष्णतेपुढे टिकण्यावर, म्हणजे पुन्हा सीलिंगची माणसं लागणारच.

मुलाखतीला जाल तेव्हा समोरच्याला विचारा, "गेल्या वर्षी तुमचं काम सर्वांत जास्त कशामुळे अडलं?" उत्तरात नुसतं निधीचं आणि भव्य स्वप्नाचं वर्णन आलं तर अजून थोडी चौकशी करा. पण त्यांनी एखाद्या जोडाचं, तडा गेलेल्या सिरॅमिकचं किंवा वेळेवर न आलेल्या अतिवाहक टेपचं नाव घेतलं आणि कागद ओढून चित्र काढायला लागले, तर तिथे रुजू व्हा.