जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल बघायला निघण्याआधी

लिव्हर-ॲक्शन म्हणजे चापाजवळची लिव्हर खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची रायफल. ती बघायला जायचं ठरलं की पहिला फोन मालकाला करायचा नाही. काडतुसं विकणाऱ्या परवानाधारक दुकानदाराला करायचा आणि एकच विचारायचं: या बोअरची, म्हणजे या मापाच्या नळीची, गोळी मिळते का, आणि नियमित मिळते का? सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्राची आयात खुली नाही. त्यामुळे आपल्याकडे लिव्हर-ॲक्शन आली तर ती कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटातूनच येते, आणि तिच्या नळीवरचा बोअर त्या काळाच्या अमेरिकेचा असतो. विंचेस्टर या अमेरिकी कंपनीचं १८९४ चं मॉडेल, म्हणजे 'विंचेस्टर ९४', सत्तर लाखांहून जास्त बनलं. त्यातलं बहुतेक .३०-३० मध्ये. १८९२ च्या मॉडेलमध्ये .४४-४० किंवा .३२-२० सापडेल. खडकीच्या कारखान्याची 'केएफ' छापाची काडतुसं आपल्या ओळखीची, पण ती बारा बोअरची आणि .३१५ ची. .३०-३० ची वाट बघत बसलात तर रायफल भिंतीवर राहील आणि परवान्याचं नूतनीकरण मात्र करावं लागेल. म्हणून माझं मत सरळ आहे: वापरायला हवी असेल तर .२२ ची लिव्हर-ॲक्शन शोधा, बाकीच्या बघायला आपल्या सोलापूरकरांना अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय जवळच आहे.

बोअरच्या आकड्यात एक खोच आहे. विंचेस्टरचं १८९५ चं मॉडेल ब्रिटिश .३०३ मध्येही निघालं होतं. तो बोअर आपल्याकडे प्रतिबंधित, म्हणजे तुमच्या साध्या परवान्यावर चढणारच नाही. दुसरीकडे सॅव्हेज ९९ या लिव्हर-ॲक्शनवर '.३०३ सॅव्हेज' असं कोरलेलं सापडतं. ते काडतूस पूर्ण वेगळं आहे, पण शस्त्र शाखेतला कारकून तो आकडा बघून थांबणार हे नक्की. अशा रायफलीच्या नळीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या, ती आपल्या परवान्यावर चढते का हे लेखी विचारा आणि लेखी उत्तर हातात आल्याशिवाय इसाराचा रुपया देऊ नका.

आता कागद. सोलापूर शहराच्या हद्दीत राहत असाल तर परवाना पोलीस आयुक्तालयाकडून, बार्शी-मोहोळ-अक्कलकोटकडचे असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडून. विकणारा शहरातला आणि घेणारा तालुक्याचा असा व्यवहार असेल तर दोन्हीकडे चकरा माराव्या लागतील, हे धरूनच चला. विकणाऱ्याचा परवाना मूळ प्रत बघूनच तपासायचा, मोबाइलवरच्या फोटोवर नाही. त्यावर यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का, मुदत चालू आहे का, आणि परवान्यावरचा शस्त्र क्रमांक रायफलीवर कोरलेल्या क्रमांकाशी आकडा-आकडा जुळतो का? एखादा आकडा घासलेला असेल, किंवा त्या जागी नुकतंच पॉलिश मारल्यासारखं दिसत असेल, तर चहा पिऊन परत या. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात. तुमच्या परवान्यावर वडिलांची बारा बोअर आणि एक रिव्हॉल्व्हर आधीच असेल तर तिसरीला जागाच नाही.

नान्नज परिसरातल्यांनी आणखी एक गोष्ट यादीत घालावी. माळढोक अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाला वन्यजीव कायद्याखाली वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेताही येत नाही. बार्शी रस्त्याने रायफल घेऊन गावी जाणाऱ्याने वाटेतली हद्द कुठून कुठे जाते हे आधी विचारून घ्यावं. आणि 'रानडुकरासाठी घेतोय' असं म्हणणाऱ्यांना माहीत असेलच, तरी सांगतो: शिकार कायद्याने बंद आहे, आणि पिकाची नासाडी झाली म्हणून आपोआप गोळी घालायची मुभा मिळत नाही.

पिशवीत काय न्यायचं? छोटा टॉर्च, पांढरा कागद, सुती चिंध्या, भिंग, वही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच बोअरची पाच-सहा डमी, म्हणजे बिनदारूची, काडतुसं. खरी काडतुसं घेऊन दुसऱ्याच्या दिवाणखान्यात यंत्रणा चालवून बघणं हा मूर्खपणा आहे, मालक कितीही आग्रह करो. वेळ सकाळची घ्या. ट्यूबलाइटखाली गंज आणि जुनं तेल एकसारखंच दिसतं.

हातात घेतली की तोंड माणसांपासून दूर, बोट चापापासून दूर, लिव्हर पूर्ण खाली. कोठी, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघायची आणि बोट घालूनही बघायची. लिव्हर-ॲक्शनमध्ये इथे संपत नाही, कारण नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतूस लपतं. स्प्रिंग गंजून ढिली झाली असेल तर शेवटचं काडतूस आत अडकून राहतं आणि 'रिकामी आहे' म्हणून दिलेली रायफल तिसऱ्या झटक्याला ते वर आणून देते. लिव्हर बऱ्याच वेळा चालवा, मग मॅगझिनच्या तोंडाशी काडतुसं ढकलणारा फॉलोअर दिसतो का ते बघा. .२२ मध्ये आतली पितळी नळी बाहेर काढता येते. ती काढूनच ठेवायची.

नळी बघताना माणसं आतल्या चकाकीवर भाळतात. मी आधी तोंडाची कड बघतो. विंचेस्टर ९४ मागच्या बाजूने साफ करता येत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं सळई पुढूनच घातलेली असते आणि ती कड एका बाजूला झिजवते. तिथे झिज असेल तर गोळीला फिरकी देणारे आतले आटे कितीही धारदार असोत, गोळी पसरणार. मार्लिन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या रायफलीत लिव्हरचा एक स्क्रू काढला की कोठी बंद करणारा बोल्ट मागे निघतो आणि नळी मागून साफ होते. जुनी घेताना हा मोठा फायदा. मालकालाच तो स्क्रू काढायला सांगा. त्याचा हात कसा चालतो, यावरून रायफलीची निगा कळते. मग कोठीशी कागद तिरपा धरून त्यावर टॉर्च मारा आणि पुढून आत बघा. काळे ठिपके म्हणजे जुन्या, क्षार सोडणाऱ्या काडतुसांचा गंज. थोडे असतील तर चालतात. पण प्रकाशात एक पूर्ण गडद वळं दिसलं तर नळी आतून फुगलेली आहे. तिथेच विषय संपला.

खरा वेळ यंत्रणेवर घालवा. पाचही डमी भरा आणि लिव्हर आधी अगदी सावकाश, मग जोरात चालवा. सावकाश चालवताना दोष दिसतात, जोरात चालवताना लपतात, म्हणून विकणारा नेहमी जोरातच चालवून दाखवतो. जुन्या मार्लिनचा ठरलेला आजार असा: लिव्हर अर्ध्यात अडकते, ना वर ना खाली. लिव्हरच्या टोकाने, काडतूस वर उचलणाऱ्या कॅरियरच्या खालच्या बाजूला खाच पाडलेली असते, कॅरियरचं वेळापत्रक चुकतं आणि मॅगझिनमधलं दुसरं काडतूस त्याच्याखाली घुसतं. जाणत्या गनस्मिथला हे दुरुस्त करता येतं, पण किमतीत धरायला हवं. काडतूस वर येतं पण कोठीच्या तोंडाशी अडतं, असं झालं तर मॅगझिनच्या नळीवर बाहेरून बोट फिरवा. कपाटात पडून राहिलेल्या रायफलीला तिथे पोचा असतो. पुंगळी, म्हणजे काडतुसाचं कवच, बाहेर येत नसेल तर ती ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा हूक बघा. बरेचदा तो झिजलेला नसतो, त्याखाली जुनं तेल घट्ट झालेलं असतं.

तेलावरून आठवलं. आपल्याकडे बंदुकीला खोबरेल लावणारे घराघरात आहेत. ते काही महिन्यांत चिकट होतं आणि फायरिंग पिनच्या भोकात डिंकासारखं बसतं. मग घोडा, म्हणजे मागची हातोडी, पडतो, पण काडतुसाच्या बुडातली टिकली नीट फुटत नाही, आणि मालक म्हणतो 'काडतुसं जुनी होती'. गोळी उडत नाही अशी तक्रार कानावर आली तर क्रमाने जा: आधी पिनच्या मार्गातली घाण, मग घोड्याची स्प्रिंग. जुन्या विंचेस्टरमध्ये स्प्रिंगवर ताण देणारा छोटा स्क्रू दस्त्याजवळ खालून असतो. चाप हलका करायला कुणीतरी तो सैल केलेला असतो. रिकामा घोडा पाडून बघायचा असेल तर .२२ मध्ये डमीशिवाय अजिबात नको. पिन थेट कोठीच्या कडेवर आपटते आणि कड दबते. भिंगातून ती कड बघाच.

आता घोडा. पूर्ण मागे ओढा, बोट चापावर नाही, आणि अंगठ्याने मागून पुढे बेताने ढकला. पडला तर घोडा अडकतो ती खाच झिजली आहे किंवा कानस मारलेली आहे. घोडा अर्धाच मागे अडकतो त्या अर्ध्या खाचेवर ठेवून चाप हलकेच ओढा, तो सुटता कामा नये. या जुन्या रायफलींना वेगळा खटका नसतो, अर्धी खाच हीच सुरक्षा, म्हणून या दोनपैकी एक जरी चाचणी फसली तरी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. उलट विंचेस्टर ९४ मध्ये लिव्हर दस्त्याला घट्ट दाबल्याशिवाय चाप चालत नाही. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. त्यावरून घासाघीस करू नका, हसतील.

मालकाकडे जुन्या पुंगळ्या असतील तर मागून घ्या. टिकली बाहेर आलेली किंवा बुडाजवळ चकचकीत वळं दिसलं तर बोल्ट आणि कोठीतलं अंतर वाढलं आहे. हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, ते अंतर मोजायचं गेज असलेल्या गनस्मिथकडेच जायचं. आणि गनस्मिथ म्हणजे परवाना असलेला. सोलापुरात यंत्रमागाचा कुठलाही सुटा भाग हुबेहूब घडवून देणारे फिटर आहेत, पण शस्त्र दुरुस्त करायलाही कायद्याने परवाना लागतो. तुमच्या भल्यासाठी आणि त्याच्याही, त्याच्या दारात रायफल नेऊ नका.

दस्ता झटपट बघून घ्या: मनगटाशी, पोलादाच्या पट्टीमागे बारीक तडा आहे का. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर कुणीतरी घरी उघडली आहे. १९६४ नंतरच्या काही वर्षांतल्या विंचेस्टरचा मुख्य सांगाडा पोलादाची निळी झाक नव्याने दिली तरी डागाळतो, ते रूपाचं आहे, चालण्याचं नाही. २००७ च्या अखेरीस मार्लिन रेमिंग्टनकडे गेली आणि त्यानंतरच्या मालावर अमेरिकेत बरीच बोंब झाली. आपल्या कपाटांतून निघणाऱ्या त्याआधीच्या असतात, सोडून द्या. मॅगझिन नळीचं असेल तर मात्र टोकदार गोळी कधीच भरायची नाही. टोक पुढच्या काडतुसाच्या टिकलीवर टेकतं. चपट्या नाकाचीच गोळी, नाहीतर .२२.

निवडणूक होऊन गेली असेल तर एक प्रश्न जास्तीचा विचारा: आचारसंहितेत ठाण्यात जमा होती का, किती महिने, आणि परत आल्यावर कधी उघडून पुसली? पावती दाखवली तर उत्तमच.

सगळं पटलं तरी पैसे देऊन रायफल गाडीत टाकायची नाही. खाजगी व्यवहारात विकणाऱ्याने तुमच्या नावपत्त्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्यात लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. शस्त्र तोवर त्याच्याच ताब्यात, त्याच्याच कपाटात. इसार दिला तर कागदावर बोअर, क्रमांक आणि परवानगी न मिळाल्यास पैसे परत हे तिन्ही लिहून घ्या. त्याच्या अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स घ्या आणि दिवस त्या पावतीवरच्या तारखेपासून मोजा, तोंडी ठरलेल्या तारखेपासून नाही.