पहिल्या ट्रेकला आधी बूट बघा
सिंहगडाची आतकरवाडीची वाट चढताना दम काढते, पण पाय घसरतो तो उतरताना, सुट्या मुरमावर. म्हणून पैसे बुटांवर घाला; सॅक कॉलेजची जुनी चालेल. बूट घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात. ट्रेकचेच मोजे घालून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर अंगठा आपटून नख काळंनिळं होतं. सोलच्या खाचा खोल हव्यात. झिजलेले रनिंगचे बूट नकोतच. नवे बूट आधी आठवडाभर पुण्यातल्या तळजाई टेकडीवर वापरा, मग गडावर. पाणी माणशी 2 लिटर, उन्हाळ्यात 3. जीन्स नको, भिजली की मांड्या सोलवटतात. पावसाळ्यात सामान सॅकच्या आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा. वरून कव्हर घातलं तरी पाठीकडून पाणी आत शिरतंच.