कायद्याच्या पुस्तकातला ‘सायलेन्स’: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

परभणी-हिंगोलीकडच्या मराठी शाळांतून छत्रपती संभाजीनगरला कायदा शिकायला येणाऱ्या मुलांना लॅटिन संज्ञांची धास्ती वाटते. माझा अनुभव असा, की त्या संज्ञा पाठ होऊन जातात. अडवतात ते ‘सायलेन्स’सारखे ओळखीचे शब्द, कारण शब्दकोशातला अर्थ ठाऊक असल्यामुळे आपण कलम नीट वाचतच नाही.

‘सायलेन्स झोन’ त्यातल्या त्यात सोपा. रुग्णालय, शिक्षणसंस्था किंवा न्यायालयाभोवतीचा 100 मीटरचा परिसर ध्वनिप्रदूषणविषयक नियम, 2000 नुसार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तेथे दिवसा 50 व रात्री 40 डेसिबलची मर्यादा असते. (लग्नसराईत ती कोण पाळतो, हे परीक्षेत विचारत नाहीत.)

खरा कस लागतो तो भारतीय करार अधिनियम, 1872 मधील कलम 17 वाचताना. नुसते गप्प राहणे म्हणजे कपट नव्हे, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते आणि पुढे घोड्याची उदाहरणे देते. ती मी माळेगावच्या यात्रेतल्या घोडेबाजारात नेऊन समजून घेतली. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असूनही लिलावात विकणारा काही बोलला नाही, तर ते कपट होत नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे सांगण्याचे कर्तव्य येते. आणि घेणारा ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष समजेन’ असे म्हणाला व विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच धरले जाते.

याला लागूनच फेल्टहाउस विरुद्ध बिंडली हा 1862 चा इंग्लंडमधील निवाडा वाचावा. तिथेही घोडाच आहे. उत्तर आले नाही तर घोडा माझा समजेन, असे काकाने पुतण्याला कळवले. पुतण्याच्या मनात विकायचे असूनही त्याने काकाला उत्तर धाडले नाही, म्हणून न्यायालयाने करार झालाच नाही असे ठरवले. ही दोन्ही मौने परीक्षेत हमखास एकमेकांत मिसळतात. पहिल्यात प्रश्न फसवणुकीचा असतो, दुसऱ्यात स्वीकृतीचा.

संविधानाच्या अनुच्छेद 20(3) मध्ये हा शब्द येतही नाही, तरी आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, या तरतुदीलाच वकील मंडळी मौनाचा हक्क म्हणतात.

निकालपत्रात ‘स्टॅच्यूट इज सायलेंट’ असे दिसले, की त्या मुद्द्यावर कायद्यात तरतूद नाही असे समजावे आणि पुढचा परिच्छेद सावकाश वाचावा, कारण ती उणीव न्यायाधीशांनी कशाच्या आधारे हाताळली, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते.