'फंडात किती आहे?' : नगरपरिषदेत नव्याने रुजू होणाऱ्या लेखापालांसाठी

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच तुम्हाला कुणीतरी विचारणार, "मॅडम, फंडात किती आहे?" फंड म्हणजे नगरपरिषदेचा स्वतःचा, कामांवर खर्चायचा पैसा. बांधकाम सभापती विचारतील, अभियंता विचारतील, कंत्राटदार तर दारातच उभा असेल. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर सभागृहं पुन्हा भरली आहेत. इतकी वर्षं प्रशासकाच्या हातात कारभार होता, आता नव्या नगरसेवकांना प्रभागात काम दाखवायचंय. त्यामुळे यंदा हा प्रश्न जरा जास्तच वेळा कानावर येईल. त्याचं उत्तर बँकेच्या शिलकेत नसतं. हे कळायला जी किंमत पडली ती माझ्यापेक्षा दुसऱ्यांनीच जास्त मोजली, म्हणून लिहिते आहे.

मी २०१९ च्या सुरुवातीला राज्य संवर्गातून मराठवाड्यातल्या एका क वर्ग, म्हणजे लहान गावाच्या, नगरपरिषदेत लेखापाल म्हणून रुजू झाले. नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम, चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती, बाराव्या अनुसूचीतले १८ विषय, हे सगळं तोंडपाठ होतं. तुमचंही असेल, ते इथे परत सांगत नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका सिमेंट रस्त्याची फाइल आली. काम ४१ लाखांचं, नगरपरिषद फंडातून. विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत कार्यादेश द्यायचा होता, म्हणून सगळ्यांनाच घाई. माझ्याकडून हवा होता निधी उपलब्धतेचा दाखला, म्हणजे कामापुरता पैसा आहे असं लेखापालाने लिहून देणं. मी रोकडवही उघडली, बँकेच्या शिलकेशी ताळा करून पाहिला. दोन्हीकडे ८६ लाख. जुन्या फाइलमधला दाखल्याचा नमुना घेतला, कामाचं नाव आणि रक्कम बदलली आणि सही केली. दहा मिनिटंही लागली नसतील.

आता हे नीट वाचा. घाईत असाल तर बाकीचं सोडा, पण एवढं वाचा.

ते ८६ लाख नगरपरिषदेच्या खात्यात होते, पण नगरपरिषदेचे नव्हते. त्यातले ३१ लाख कंत्राटदारांच्या सुरक्षा ठेवी. प्रत्येक बिलातून आपण ती रक्कम कापून ठेवतो आणि दोषदायित्वाचा काळ (काम बिघडलं तर कंत्राटदारानेच दुरुस्त करायची मुदत) संपला की परत करतो. २२ लाख शिक्षण कर आणि रोजगार हमी कराचे. हे दोन्ही १९६२ च्या अधिनियमाखालचे राज्य शासनाचे उपकर. मालमत्ता कराच्या त्याच पावतीवर, त्याच खिडकीवर आपण ते वसूल करतो, त्याच खात्यात भरतो, पण तिथे आपण फक्त हमाल. ९ लाख कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेले, पतसंस्थेचे हप्ते, निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी वगैरे. उरलेले ६ लाख बिलांतून कापलेल्या आणि भरायच्या राहिलेल्या रकमांचे: गौण खनिजाचं स्वामित्वधन (वाळू-खडीची रॉयल्टी), २ टक्के जीएसटी, १ टक्का कामगार कल्याण उपकर, आयकर. बेरीज करा. ६८ लाख दुसऱ्यांचे. आपले १८.

अठरा लाखांच्या जोरावर मी ४१ लाखांचा दाखला दिला होता.

रोकडवही खोटी नव्हती, ताळमेळ जुळत होता, म्हणूनच सापळा दिसला नाही. चूक अशी की रोकडवही पैसा आहे एवढंच सांगते. तो कुणाचा, हे अनामत नोंदवहीतून (दुसऱ्यांच्या ठेवी आणि कपाती जिथे लिहितात ती) आणि कर मागणी-वसुलीच्या नोंदवहीतून काढावं लागतं. आमच्याकडची अनामत नोंदवही तीन वर्षं कुणी लिहिलीच नव्हती. मी ती मागितलीही नव्हती.

जानेवारी २०२० मध्ये रस्ता पूर्ण झाला, बिल निघालं. मनात गणित होतं की मार्चमध्ये वसुली येते तेव्हा खड्डा भरेल. ते अगदीच चुकीचं नव्हतं. लहान गावात वर्षाची निम्म्याहून जास्त वसुली फेब्रुवारी-मार्चमध्येच होते, महिन्याला २ टक्के शास्तीच्या धाकाने आणि जप्तीच्या नोटिशीने लोक शेवटच्या आठवड्यात रांग लावतात. त्या वर्षी शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली. खिडकीच बंद.

मे महिन्यात आमच्या सफाई खात्यातल्या एक मावशी निवृत्त झाल्या. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण आम्हाला फंडातून द्यायचं होतं. पण जे थोडंफार येत होतं ते आधी शासनाचे उपकर आणि मुदत संपलेल्या ठेवी भागवण्यात जात होतं. मावशी दर सोमवारी येऊन बाकावर बसायच्या आणि विचारायच्या, "बाई, माझं आलं का?" कधी आवाज चढवला नाही. चौदा महिने लागले. रक्कम जमा झाल्यावर पासबुक घेऊन आल्या, मला आकडा वाचायला सांगितला आणि विचारलं, "यातलं परत द्यावं लागणार नाही ना?" त्या प्रश्नाला उत्तर देताना माझा आवाज नीट निघाला नाही. आजही सोमवारी सकाळी त्या बाकाकडे माझं लक्ष जातं.

लेखापरीक्षणात आक्षेप आला, तो येणारच होता. पण इथे तुम्हाला धीर द्यायचाय. आक्षेप म्हणजे तुमच्यावरचा आरोप नव्हे. स्थानिक निधी लेखापरीक्षेची माणसं कागद मागतात. कागद असेल तर तो द्या, नसेल तर नाही म्हणून लिहा. मी पहिल्या महिन्यात रात्र-रात्र जागून गोल गोल खुलासे लिहिले, त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. शेवटी वरचा ८६ लाखांचा हिशेब एका पानावर मांडला आणि अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, म्हणून तेच पान दिलं. नोकरी गेली नाही. तुमचीही जाणार नाही.

मला हे पान मांडायला शिकवलं ते आमच्या वसुली लिपिक काकांनी. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली, त्याआधी त्यांनी नाक्यावर रात्रपाळ्या केल्या होत्या. ते सांगायचे, "तेव्हा रोज संध्याकाळी पेटी यायची, आपली म्हणून खर्चायची. आता त्याऐवजी सरकारचं सहायक अनुदान येतं आणि पगारात जातं." नगरपरिषदेचं आर्थिक दुखणं मला कुठल्याही क्लासच्या नोट्सपेक्षा या दोन वाक्यांत जास्त कळलं. माझं ठाम मत आहे, पहिल्या वर्षी तुमचा गुरू साहेबांच्या दालनात शोधू नका, वसुलीच्या खिडकीत शोधा. आणि "सही करा, मी आहे ना" म्हणणारा वरिष्ठ कितीही प्रेमळ असला तरी ते प्रेम फाइलवर उमटत नाही. मला असं म्हणणारे होते. आक्षेप आला तेव्हा त्यांची बदली झालेली होती.

तयार नमुन्यांबद्दलही तेच. टेलिग्रामवर दाखले, टिप्पण्या, ठरावांचे मसुदे ढिगाने मिळतात. मसुदा घ्यायला हरकत नाही. दाखल्याचा नमुना मात्र उचलू नका, कारण दाखला म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलेली गोष्ट. मी आता दर महिन्याच्या ७ तारखेला, आयकराची कपात भरायच्या दिवशीच, एक पान करते: वर बँकेची शिल्लक, खाली दुसऱ्यांच्या रकमा एकेक करून वजा, तळाला आपले. कुणी विचारलं की तळाचा आकडा सांगते. पहिले सहा महिने सभापती माझ्याशी बोलत नव्हते. नंतर तेच सभेच्या आधी पान मागवून घ्यायला लागले.

अनुदानांचं थोडक्यात सांगते, कारण ती बहुधा वेगळ्या खात्यात असतात आणि तिथे चुकायची शक्यता कमी. पंधराव्या वित्त आयोगात आपल्यासारख्या शहरांना ४० टक्के अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेले), ३० टक्के पाण्यासाठी आणि ३० टक्के स्वच्छतेसाठी अशी वाटणी होती, आणि अबंधितातूनही पगार करता येत नव्हता. त्या आयोगाचा काळ मार्च २०२६ पर्यंतचाच. पुढच्या अटी ऐकीव माहितीवर धरू नका, शासन निर्णय स्वतः वाचा. नगरोत्थानसारख्या राज्याच्या योजनेत नगरपरिषदेचा हिस्सा भरावा लागतो आणि तो पुन्हा त्याच तळाच्या आकड्यातून जातो, एवढं लक्षात असू द्या.

नकार द्यायची वेळ आली तर तोंडी देऊ नका. टिप्पणीत आकडे लिहा आणि फाइल मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवा. सभागृहाने तरीही ठराव केला तर तो स्थगित करण्यासाठी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं नसतं, पण निर्णय घेणाऱ्यांपुढे तुमचे आकडे असतील.

आणि प्रभार घेताना सगळ्यात आधी अनामत नोंदवही मागा. "शोधून देतो" असं उत्तर आलं तर दुपारपर्यंत थांबा. तोवर मिळाली नाही तर प्रभार यादीवर 'अनामत नोंदवही मिळाली नाही' असं आपल्या हाताने लिहा आणि त्याखाली सही करा.