हायब्रिडची बॅटरी नागपूरच्या उन्हात तापत होती, उपाय जाळीत सापडला

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की माझ्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीत मागच्या सीटकडून पंख्याची घरघर यायची. सिग्नलला उभं राहिलं की चार्जच्या काड्या भराभर उतरायच्या. एका गॅरेजवाल्याने थेट नवीन बॅटरी टाका म्हणून सांगितलं. मला ते पटेना.

या गाडीतली निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी केबिनमधलीच हवा ओढून थंड होते. हवा आत घेणारी जाळी मागच्या सीटच्या कडेला असते. ती काढली, तर फिल्टरवर रस्त्याची धूळ आणि सीट कव्हरचे धागे मिळून राखाडी थर जमलेला! नखाने खरवडला तर तुकडाच निघाला. फिल्टर मऊ ब्रशने झाडला, व्हॅक्यूमने ओढला. आतला पंखा मात्र हायब्रिडचं काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडूनच साफ करून घेतला. तिथे नारंगी केबल असतात, त्यांत जीवघेणा व्होल्टेज असतो. कृपा करून स्वतः हात घालू नका.

घरघर थांबली, चार्ज टिकू लागला. अमेरिकेतल्या फिनिक्ससारख्या वाळवंटी शहरांतही बॅटरीचा खरा शत्रू उष्णताच, कारण तापलेल्या सेलची रासायनिक झीज वेगाने होते. उन्हात उभी गाडी सुरू करताना आधी काचा उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. आणि मागच्या सीटवर सामान ठेवताना जाळी झाकली जात नाही ना, तेवढं बघा.